दुसरे अहो

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी घोरपडे यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकानं आपापल्या घरच्या कॉम्प्युटरमधली दुबार उपकरणं काढून टाकावीत. सामाईक जाळ्यावर इतक्या मेलेल्या नोंदी साचल्यात, की लिफ्टला माणूस ओळखेपर्यंत तो जिन्यानं वर पोचतो, असं त्यांचं म्हणणं होतं. घोरपड्यांच्या निम्म्या फर्मानांना मी केराची टोपली दाखवते. हे मात्र पाळायचं ठरवलं, कारण एका वस्तूच्या दोन वस्तू झालेल्या मला घरात खपत नाहीत.

आमच्या घरात घरप्रमुख मी. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी. मी सेटिंग्ज उघडली आणि झाडू मारायला घेतला. मिक्सर दोनदा होता. विकून टाकलेला फ्रिज अजून ठाण मांडून बसला होता. सासूबाईंचा मनगटाचा पट्टाही होता. त्या गेल्या तरी त्यांची नोंद काढायला हात धजला नव्हता, तो आजही धजला नाही. आणि त्याखाली एकाखाली एक दोन नावं होती. अहो. अहो २.

हसू नका. माझ्या नवऱ्याचं नाव बाहुबली मगदूम. लग्नातल्या उखाण्यानंतर मी ते कधी उच्चारलेलं नाही. माणसांत बोलताना मगदूम म्हणते आणि समोर असले की अहो. पट्टे नवीन आले तेव्हा कॉम्प्युटरनं विचारलं, हा पट्टा कोणाचा? माझ्या तोंडून निघून गेलं, "अहोंचा." त्यानं तेच लिहून घेतलं. आमच्या इमारतीतल्या माझ्या वयाच्या सगळ्या बायकांनी हाच पराक्रम केलाय. सांगलीत विश्रामबागेतल्या एका इमारतीत किती अहो आहेत ते त्या कॉम्प्युटरलाच ठाऊक.

म्हणून मला वाटलं, वरच्या मजल्यावरच्या सुनेत्रा आवटीचे अहो छतातून माझ्याकडे घसरले असतील. मी अहो २ काढून टाकले. पुढच्या बुधवारी पाहिलं तर परत हजर. शेवटचं दिसलं, मंगळवार संध्याकाळ.

मी जिना चढून सुनेत्राकडे गेले.

"तुझे अहो माझ्याकडे येतायत," मी म्हटलं.

"ठेवून घ्या की वैनी," ती म्हणाली. "जेवण तेवढं वेळेवर द्या, बाकी त्रास नाही त्यांचा."

पण तिनं पाहिलं तेव्हा तिचे अहो तिच्याच यादीत होते. मंगळवारी संध्याकाळी तर ते कोल्हापुरात होते. मग माझ्याकडे आलेले हे कोण?

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे असं मगदूम म्हणतात. तो स्वभाव नाही, तो माझा पेशा होता. मी कॉलेजच्या परीक्षा विभागात होते आणि दर मार्चमध्ये भरारी पथकात फिरायचे. पोराच्या बाहीत चिठ्ठी आहे की बुटात, हे मला दारातून कळायचं. मी हेल्पलाइनला फोन लावला.

तिथल्या मुलीनं मला समजावून सांगितलं, ते माझ्या शब्दांत सांगते. पूर्वी प्रत्येक उपकरणाला जन्मभराचा एक क्रमांक असायचा. त्या क्रमांकावरून कोण कुठं हिंडतंय हे कोणालाही कळायला लागलं, म्हणून कायद्यानं तो सारखा बदलता ठेवला. मग कॉम्प्युटरनं ओळखायचं कसं? तर हृदयावरून. प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयातून विजेची एक बारीक लाट जाते, कार्डिओग्रामच्या कागदावर उमटते तीच. तिचं वळण ज्याचं त्याचं असतं, हस्ताक्षरासारखं. माणूस धावला तर लाटा भराभर येतात, पण वळण फारसं बदलत नाही. पट्टा ते वळण वाचतो आणि कॉम्प्युटर ते आपल्याकडच्या वळणाशी ताडून बघतो. म्हणजे यादी उपकरणांची दिसत असली, तरी खरं तर ती हृदयांची असते.

"मॅडम, तुमच्या पट्ट्यानं नाव अहो सांगितलं, पण हृदय जुळलं नाही," मुलगी म्हणाली. "म्हणून सिस्टिमनं नवीन नोंद केली."

"म्हणजे पट्टा त्यांचा आणि घालणारा दुसराच?"

"सिस्टिमला तसं वाटतंय. अजून एक शक्यता असते, मॅडम..."

"मला एक पुरे आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मगदूमांचा मंगळवार मला दोन वर्षं सलत होता. दर मंगळवारी उन्हं उतरायच्या आत ते "कृष्णेवर फिरून येतो" म्हणून निघतात आणि दिवे लागल्यावर परततात. आम्ही जैन. आमच्याकडे सूर्यास्तानंतर जेवण नाही. जायच्या आधी ताट वाढलं तर ते तसंच राहतं, आणि विचारलं तर म्हणतात, भूक नाही. पण परत आल्यावर जो ढेकर देतात, तो उपाशी माणसाचा नसतो. म्हणजे हे कुठंतरी दिवसाउजेडी जेवून येतात, आणि वाढणारं कोणीतरी आहे.

आता पट्ट्याचं कोडंही सुटलं. पुण्याची आमची मुलगी चंदना रोज बापाची पावलं मोजते. तिला पावलं दिसावीत म्हणून हे आपला पट्टा घाटावर फिरणाऱ्या कोणाच्या तरी मनगटावर चढवत असणार. पट्टा घाटावर आणि स्वारी भलतीकडे. कोणाकडे, एवढंच शोधायचं राहिलं होतं.

पट्टा कुठं होता, तेही कॉम्प्युटरकडे असतं. पण ती ठिकाणं कायद्यानं कुलूपबंद असतात. ज्याचा पट्टा त्याचा अंगठा आणि घरप्रमुखाचा अंगठा, असे दोन्ही लागले तरच उघडतात. माझ्याकडे एकच अंगठा होता. म्हणून मी जुन्या पद्धतीनं चौकशी सुरू केली.

मंगळवारी ते आले, टेबलापाशी टेकले, की मी समोर बसायची. आज घाटावर कोण भेटलं? पाणी किती होतं? कुठल्या बाजूनं आलात? भरारी पथकात शिकलेली गोष्ट अशी, की चोरी केलेल्या पोराला घाम फुटतो, तो पाणी मागतो आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. मगदूमांना घाम फुटायचा. ते पाणी मागायचे. छातीवर हात ठेवून म्हणायचे, "पद्मा, आज राहू दे की. उद्या विचार."

गुन्हा कबूल व्हायला आणखी काय लागतं?

दर बुधवारी सकाळी मी अहो २ ला यादीतून हाकलून द्यायची. कॉम्प्युटर विचारायचा, ही व्यक्ती आपल्या घरातली नाही, काढून टाकायची? मी म्हणायची, टाक. त्यात मला एक प्रकारचा आनंद व्हायला लागला होता, हे लपवत नाही. मध्ये एका रविवारी चंदनाच्या लग्नावरून आमची वाजली, तेव्हाही अहो २ उगवले. तेही काढले. मला मंगळवारच हवा होता, म्हणून रविवारकडे मी लक्ष दिलं नाही.

शेवटी मी रंगेहाथ पकडायचं ठरवलं. मंगळवारी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडा ठेवला, माझ्याकडे तोंड करून. मगदूम आले, चपला काढल्या आणि बसले. यादीत 'अहो' हिरवा होता, म्हणजे पट्टा परत त्यांच्याच हातावर होता. अहो २ चा पत्ता नव्हता.

"कोण आहे ती?" मी विचारलं. आडवळण न घेता.

"कोण ती?"

"तिथं जेवता ती. पट्टा कोणाच्या हातात देता? मला सगळं कळलंय. फक्त नाव सांगा."

"पद्मा, असं काही नाही गं."

"मग कसं आहे?"

त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पाण्याचा तांब्या ओढला, पण उचलला नाही. मी यादीकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत 'अहो' करडा झाला. त्याच्याखाली नवीन ओळ उमटली, अहो २, आणि ती हिरवी झाली.

पट्टा मनगटावरच होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. पहिल्यांदा मला हीसुद्धा काहीतरी चलाखी वाटली, इतकी मी नासले होते. मी त्यांचा हात ओढला आणि पट्टा तपासायला गेले, तेव्हा बोटाखाली नाडी लागली. दोन ठोके घाईघाईनं पडले, मग काहीच नाही, मग एक उडी, मग परत काही नाही. देवळातली घंटा लहान पोरांच्या हाती लागल्यावर वाजते तशी. हात गार पडला होता.

"असं कधीपासून होतंय?" मी विचारलं.

"तू विचारत नव्हतीस," ते म्हणाले. "म्हणजे हे सोडून सगळं विचारत होतीस."

मिरजेला डॉक्टर रुबिना मुजावर यांच्याकडे पोचेपर्यंत नाडी ताळ्यावर आली होती. त्यांनी काढलेला कार्डिओग्राम स्वच्छ निघाला. त्या वयानं चंदनापेक्षा थोड्या मोठ्या असतील. बोलण्यात आडपडदा नाही. मी त्यांना अहो २ ची सगळी हकिकत सांगितली.

"काकू, हृदयाचे वरचे दोन कप्पे कधीकधी नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरतात," त्या म्हणाल्या. "मग लाटेचा पहिला उंचवटाच नाहीसा होतो आणि ठोके वाटेल तसे पडतात. कॉम्प्युटरला ते काकांचं हृदयच वाटत नाही. तो म्हणतो, हा कोणी नवीन माणूस आला."

"मग त्यानं धोक्याची सूचना का दिली नाही?"

"तो प्रत्येकाला त्याच्याच जुन्या नोंदीशी ताडतो. अहो २ ची जुनी नोंद साठली असती, तर ह्या माणसाचे ठोके दर वेळी वेडेवाकडेच पडतात हे कळून दोन-तीन झटक्यांत बोंब मारली असती त्यानं. पण यादी कोणीतरी साफ करत होतं ना."

मी खाली बघितलं. अहो २ म्हणजे कोणी परका नव्हता. ते आजारी मगदूम होते, आणि मी त्यांना आठवड्याच्या आठवड्याला पुसून टाकत होते.

डॉक्टर म्हणाल्या, थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गाठ होते. ती मेंदूत गेली की माणूस अंथरुणाला खिळतो, नाहीतर जातो. पुढचा झटका कसा असेल ते सांगता येत नाही. झटके किती वेळ टिकतात आणि कशानं येतात ते कळलं तर उपचार नेमका होईल, नाहीतर अंधारात दगड मारायचा. काढून टाकलेल्या नोंदी महिनाभर कॉम्प्युटरच्या टोपलीत पडून असतात. त्या परत काढून 'अहो' शी जोडायच्या, म्हणजे सगळं एकाच माणसाच्या नावावर येईल.

"दोघांचे अंगठे लागतील," त्या म्हणाल्या. "नोंदीबरोबर ठिकाणंही उघडतील. ती मलाही लागतील, कुठं काय झालं ते बघायला."

"घरप्रमुखालाही दिसतील?" मगदूमांनी विचारलं.

"हो. दिसतीलच."

"मग नको," ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि कसलंसं काम काढून त्या बाहेर गेल्या. मी दार लोटून घेतलं.

"जीव गेला तरी चालेल, पण मला कळता कामा नये? इतकी कोण लागून गेली ती?"

"बाई नाही गं कोणी. शपथ घेऊ का?"

"मग सांगा की."

मगदूम पट्ट्याच्या कडेशी चाळा करायला लागले. चिडले नव्हते. मला ते जास्त लागलं.

"आठवड्यातून दोन-तीन तास मी असा असतो, की मला कोणी काही विचारत नाही," ते म्हणाले. "तुला कळलं की तू तिथं येशील, पद्मा. माणसं बघशील. हा असा का, तो तसा का, विचारशील. मग ते ठिकाण माझं राहणार नाही. इतकंच आहे. हसण्यासारखं आहे, पण आहे."

मला हसू आलं नाही. मला संताप आला. एवढ्यासाठी हा माणूस मरायला निघालाय, आणि तेही माझ्या भीतीनं. आणि त्याच वेळी मनातला भरारी पथकवाला म्हणत होता, हे सगळं रचलेलं असेल. बाई असेलच. नोंद उघड म्हणजे कळेल. एक अंगठा तुझा आहेच, दुसऱ्यासाठी रडून बघ, चंदनाला फोन लाव, तिच्यासमोर त्यांचं काही चालत नाही. ते सगळं मी केलं असतं तर त्यांनी अंगठा दिलाही असता. मला खात्री आहे.

मी फोन काढला, घरच्या कॉम्प्युटरची सेटिंग्ज उघडली आणि घरप्रमुखाच्या जागी त्यांचा पट्टा टाकला. आता दोन्ही अंगठे त्यांचेच चालणार होते. कॉम्प्युटरनं विचारलं, आपल्याला यापुढे घरातल्या कोणाचीही ठिकाणं बघता येणार नाहीत, चालेल? चालणार नव्हतं. मी अंगठा टेकवला.

"हे घ्या," मी फोन त्यांच्यापुढे धरला. "डॉक्टरांना दाखवा. मला नको."

मगदूमांनी फोन उलटसुलट करून पाहिला. यात माझा काही डाव आहे का, ते तपासत होते. चाळीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहण्याची ती पहिली वेळ, आणि कसं वाटतं ते मला तेव्हा समजलं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. मगदूम रक्ताच्या तपासणीला आत गेले होते. डॉक्टरांनी मला समोर बसवलं.

"काकांनी काय सांगायचं आणि काय नाही ते ठरवून दिलंय," त्या म्हणाल्या. "तेवढंच सांगते. चालण्यानं त्यांना काही होत नाही. चढानं होत नाही, उन्हानं होत नाही. काहींची हृदयं श्रमानं बिघडतात, काहींची धास्तीनं. ह्यांचं दुसऱ्या प्रकारचं आहे. टोपलीत जेवढे झटके सापडले, ते सगळे घरात आलेत. बाहेर एकही नाही."

"घरात?"

"स्वयंपाकघरात, जेवणाच्या टेबलापाशी. शेजारी कोणता पट्टा होता तेही नोंदीत असतं." त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. "प्रत्येक वेळी एकच होता, काकू. तुमचा."

मी मनगट पदराखाली घेतलं.

"गोळ्या देते. रक्त पातळ राहायची आणि ठोक्याची. पण गोळी निम्मं काम करते. उरलेलं निम्मं घरात व्हायला हवं. आणि मंगळवारी ते जिथं जातात ना, तिथं जाऊ द्या. मी सगळा आठवडा बघितलाय त्यांचा. इतकं शांत हृदय मी तरुणांचंसुद्धा फार वेळा बघत नाही."

"तुम्हाला कळलं, कुठं जातात ते?"

"कळलं."

"बाई आहे का हो तिथं?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "काकू," त्या म्हणाल्या, "हाच तो प्रश्न."

घरी येऊन मी गोळ्यांच्या डब्या ओट्यावर मांडल्या. कॉम्प्युटरमध्ये आता एकच अहो होते. सगळं जोडून घेतलेलं, चांगलं आणि वाईट. यादी कशी स्वच्छ दिसत होती. त्या पलीकडचं मला काही दिसत नव्हतं आणि आता दिसणारही नव्हतं. सुनेत्रा आली, म्हणाली, "वैनी, शोधलं का मग ते दुसरे अहो कोण ते?" मी म्हटलं, "जाळ्यातला बिघाड होता." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की तिला ते पटलं नाही हे कळलं. मी तिला चहा दिला.

मंगळवार आला. उन्हं उतरायच्या आत मगदूमांनी सदरा बदलला. कॉलरला इस्त्री होती. कृष्णेच्या घाटावर इस्त्री कोणाला दाखवायची असते? हे मी मनात म्हटलं. तोंडात आलं होतं, दातांनी अडवलं. ते दाराशी गेले, चपलांपाशी उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता वाट पाहू लागले. इतक्या वर्षांची सवय. माझे प्रश्न झाल्याशिवाय त्यांनाही बाहेर पडता येत नव्हतं.

मी गवार मोडत बसले होते. एकेक शेंग मोडत राहिले.

"पद्मा," ते म्हणाले. "येतेस का आज?"

दोन वर्षं मी याच वाक्यासाठी जंग जंग पछाडलं होतं. गवारीचं ताट मी खाली ठेवलंसुद्धा. बाहेरची साडी नेसायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत सगळा उलगडा झाला असता, कोण वाढतं, काय वाढतं, काय बोलतात, का बोलतात. आणि कोपऱ्यात बसून मी एकेकाला न्याहाळलं असतं, मला दुसरं काही येतच नाही. मग मगदूमांना घाम फुटला असता.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही जाऊन या."

"बघ हं. चल की."

"गोळी घेतलीत ना? मग जा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. चपला झपकन चढवल्या आणि जिना उतरायला लागले. त्यांची पावलं मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली. चांगली हलकी पडत होती. मला ते अजिबात आवडलं नाही. मी दार लावून घेतलं.